मी गप्प झालो तेव्हा

मित्रांनो, मी एक म्हातारा कुत्रा आहे. रंगाने पिंगट, एक कान उभा, एक पडलेला. सकाळी उठताना माझे पुढचे पाय आधी उठतात आणि मागच्यांची वाट पाहत उभे राहतात. माझे नाव ओटो. त्याआधी काही दिवस मी बडी होतो आणि त्याच्याही आधी रेंजर. इतकी नावे मिरवायला मी कुणी मोठा नाही. घरे बदलली तशी नावे बदलली, एवढेच.

माझा पहिला धनी लाइल. तो जंगलातून ओंडके वाहणारा ट्रक चालवायचा आणि मी त्याच्या शेजारच्या सीटवर बसायचो. त्याने मला काही शिकवले नाही, कारण तशी वेळच आली नाही. तो जाई तिथे मी जाई. एकटे राहणे म्हणजे काय, ते मला ठाऊकच नव्हते. मग कामे आटली. लाइल दक्षिणेकडे, मोठ्या शहरात एका खोलीत राहायला निघाला आणि त्या इमारतीत कुत्रा चालत नव्हता. एका थंड सकाळी त्याने मला प्राण्यांच्या निवाऱ्यासमोर नेले, कठड्याला बांधले, माझ्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाला, "थांब हं. आलोच."

मी थांबलो. त्याचा ट्रक कोपऱ्यावरून वळला तरी मी थांबलो. आतून डोरीन आली. निवारा तीच सांभाळते. ती मला सोडवू लागली, पण मी जागचा हललो नाही. मला थांबायला सांगितले होते ना! शेवटी तिने मला कवेत उचलून आत नेले. मित्रांनो, लाइल वाईट माणूस नव्हता. पण तेव्हापासून 'थांब' हा शब्द ऐकला की मी अंग चोरून जमिनीला चिकटू लागलो.

पुढे एका तरुण जोडप्याने मला नेले. त्यांचे बाळ रांगत होते. माणसे चांगली होती, पण ती बाहेर गेली आणि दार लागले की माझे मन थाऱ्यावर राहत नसे. मी गळा फाडून ओरडायचो, दार ओरबाडायचो. एक दिवस मी दाराखालचा कोपरा चावून मोकळा केला. दुसऱ्या दिवशी मी निवाऱ्यात परत आलो. "आम्हाला नाही जमणार हो," तो तरुण डोरीनला म्हणाला, "हा घर खातो."

निवाऱ्यात येणारे लोक पिल्लांकडे जात. माझ्या पिंजऱ्यापाशी कुणी थबकलेच तर विचारी, "हा केवढा आहे?" डोरीन वय सांगे आणि ते पुढे सरकत. मलाही मग दाराशी उठून जाणे जिवावर येऊ लागले.

अशा वेळी व्हर्ना आली.

व्हर्ना ठेंगणी, जाडसर बाई. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करी. तिच्या कोटाला कांद्याचा वास होता. तिचे गुडघे दुखत असावेत, कारण ती माझ्या पिंजऱ्यासमोर आली आणि सरळ फरशीवर बसली.

"व्हर्ना, पिल्लं त्या बाजूला आहेत," डोरीन म्हणाली.

"पिल्लाच्या मागे धावायला माझ्यात जीव आहे का? मला बसून राहणारा कुणीतरी दे."

"हा बसून राहणारा नाही गं. एकटा राहिला की घर डोक्यावर घेतो. एकदा दिला होता, परत आलाय."

"त्यात काय झालं? नवरा सोडून आईच्या घरी मीही परतच आले होते," व्हर्ना म्हणाली. "आईने मला पिंजऱ्यात नव्हतं ठेवलं."

डोरीन हसली. व्हर्नाने जाळीतून बोटे आत घातली. मी ती हुंगली. त्या बोटांत मला घाई जाणवली नाही.

व्हर्नाचे घर कॅल्युमेट या जुन्या खाणगावात आहे. खाणीच्या काळात कामगारांसाठी बांधलेल्या तिथल्या घरांना मधे एक भिंत आणि दोन बाजूंना दोन कुटुंबे अशी रचना आहे. पलीकडे बियांची आडनावाच्या बाई राहतात, त्यांना सगळे बियांचीबाई म्हणतात. अलीकडे व्हर्ना आणि तिची आई राहायच्या. आई कित्येक वर्षे अंथरुणाला खिळून होती आणि त्याच वर्षीच्या वसंतात गेली होती. तिच्या खोलीत औषधांचा वास अजून होता.

व्हर्नाचा मोठा भाऊ आर्नी रस्त्यावरचा बर्फ काढायचे यंत्र चालवतो. तो रोज कॉफीला येई. मला पाहिल्यावर त्याने टोपीसुद्धा काढली नाही.

"अगं, आईचं करून उठतेस न उठतेस तोच हे दुसरं गळ्यात घेतलंस?"

"मग काय करू? शनिवारी तुझ्या त्या सौनाच्या वाफेत बसून घाम गाळू?"

"झोप काढ! आरशात बघितलंयस का तोंड?"

"बघितलं. म्हणूनच कुत्रा आणला. त्याला आरशाची पंचाईत नाही."

पण आर्नीचे म्हणणे खोटे नव्हते. व्हर्ना फार थकलेली होती. माणसाचा थकवा आम्हाला वासाने कळतो. ती खुर्चीत बसल्या बसल्या झोपी जाई आणि पायातले बूट तसेच राहत.

ती पहिल्यांदा कामावर गेली त्या दिवशी मी दाराची चौकट कुरतडली आणि इतका ओरडलो की माझा घसा बसला. संध्याकाळी बियांचीबाई पायरीवर येऊन उभ्या राहिल्या.

"व्हर्ना, माझे कान किटले गं! तुझी आई होती तेव्हा एवढा त्रास नव्हता."

"आईला दार कुरतडता येत नव्हतं, बियांचीबाई. नाहीतर तिनेही कुरतडलं असतं."

व्हर्नाने डोरीनला फोन करून उपाय विचारला आणि मग माझे शिक्षण सुरू झाले. माझे म्हणतो, पण कष्ट तिचेच होते. कामावरून आली की ती कोट अंगात घाली आणि भांडी घासायला लागे. किल्ल्या उचली आणि पुन्हा टेबलावर ठेवी. बाहेर जायचे बूट चढवी, दारापर्यंत जाई, परत येऊन बसे आणि मला वेलदोड्याच्या पावाचा तुकडा देई. आधी मी प्रत्येक वेळी थरथरायचो. बूट म्हणजे जाणे, किल्ल्या म्हणजे जाणे, हे माझ्या मनात पक्के बसले होते. ते उखडायला ती रोज सगळा खेळ पुन्हा मांडी. बियांचीबाई खिडकीतून पाहत.

"येतेयस की जातेयस? एकदाचं काय ते ठरव!"

"जाऊन आले, बियांचीबाई. तुम्हाला दिसलं नाही."

एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. ती "थांब" म्हणाली की माझी शेपटी पोटाखाली जाई. त्यामागचे कारण तिला कळले नाही, कळणारही नव्हते. पण तिने तो शब्दच टाकून दिला. जाताना ती आपला जुना स्वेटर माझ्या पुढ्यात ठेवी आणि काही न बोलता बाहेर पडे. आधी दाराबाहेर पाऊल टाकून परत येई. मग फाटकापर्यंत. मग कोपऱ्यापर्यंत. दुपारच्या सुटीत शाळेतून बर्फ तुडवत धापा टाकत घरी येई आणि तशीच परत जाई.

फिरायला नेतानाही तेच. मी पट्टा ओढला की ती जागच्या जागी उभी राही. ओढ सैल पडली की पुढे चाले. कोपऱ्यावरच्या चर्चपर्यंत पोहोचता पोहोचता आमच्या भुवयांवर बर्फ जमे. दारातला बर्फ काढणारे शेजारी तिला ऐकवत, "काय गं, तुझा पुतळा उभारायला जागा बघतेयस का?" ती हसायची, पण घरी आल्यावर तिचा चेहरा पडलेला असे.

हळूहळू मला थोडे जमू लागले होते. ती जवळपास कुठे गेली तर मी कण्हायचो, पण दाराला पंजा लावत नव्हतो. आणि अशातच एका सकाळी सगळे बिघडले.

आम्ही रस्त्याच्या कडेने चाललो होतो. मागून बर्फ काढायचे यंत्र धडधडत आले. मला तो लाइलच्या ट्रकसारखा आवाज वाटला की नुसतीच भीती वाटली, आता सांगता येत नाही. मी जीव खाऊन पुढे झेपावलो. व्हर्ना घसरली आणि हातावर पडली. यंत्र थांबले. वरून आर्नीच उतरला.

"बघ! बघ काय केलं याने!"

"याने नाही केलं. तुझ्या त्या धुडाने केलं," व्हर्ना म्हणाली. पण मनगट पोटाशी धरून ती कळवळत होती.

दुसऱ्या दिवशी हाताला पट्टी बांधून ती कामावर गेली. घाईत स्वेटर ठेवायचा राहिला. मी पुन्हा पहिल्यासारखा वेडापिसा झालो. दार ओरबाडताना माझे एक नख तुटले आणि फरशीवर रक्त सांडले. बियांचीबाईंनी आर्नीला फोन केला. त्याच्याकडे किल्ली होती. तो आला, त्याने दार पाहिले, फरशी पाहिली. मला वाटले, मारणार. त्याने मारले नाही. फडके ओले करून माझा पंजा पुसला, मला आपल्या ट्रकमध्ये चढवले आणि म्हणाला, "तुझा राग नाही रे बाबा. पण आता पुरे झालं."

गाडी कुठे चालली आहे ते मी वळणांवरून ओळखले. निवाऱ्यासमोर, त्याच कठड्यापाशी त्याने ट्रक उभा केला आणि उतरता उतरता म्हणाला, "थांब हं. आलोच."

मित्रांनो, मी ओरडलो नाही. काच ओरबाडली नाही. मी सीटवर अंग मुडपून पडलो आणि डोळे उघडे ठेवून कशाकडेही पाहिले नाही.

थोड्या वेळाने डोरीन आणि तो खिडकीपाशी आले.

"व्हर्ना कुठे आहे?" डोरीनने विचारले.

"कामावर. तिला विचारलं तर ती नाहीच म्हणेल. डोरीन, मर मर मरतेय गं ती. आईचं सगळं तिनेच केलं. मी काय केलं? दारातला बर्फ काढला. आणि आता त्या घरात हा. एक दिवस पडेल ती कुठेतरी, आणि मी परत बर्फच काढत असेन."

डोरीनने काचेतून माझ्याकडे पाहिले. मग म्हणाली, "हे तू तिलाच सांग. तिच्या माघारी मी कुत्रा परत घेणार नाही. तिने नेलाय, तिने आणला तर घेईन."

आर्नी पुन्हा गाडीत बसला. मला परत नेत आहेत हे मला कळले, पण त्याचा आनंद झाला नाही. नेले काय, सोडले काय, मला आता सगळे सारखेच झाले होते.

व्हर्ना घरी आली तेव्हा आर्नी स्वयंपाकघरात बसला होता. वाटेत काय बोलायचे ते त्याने ठरवले असावे.

"अगं, शिकला तुझा कुत्रा! सकाळी दाराशी जरा गोंधळ घातला. पण मग मी ट्रकमध्ये एकटा ठेवला, तर हूं नाही की चूं नाही. नुसता पडून होता, एकदम शहाण्यासारखा!"

व्हर्ना खाली बसली. तिने पावाचा तुकडा माझ्या नाकापुढे धरला. मी घेतला नाही. तिने माझी मान कुरवाळली. मी हललो नाही. तिने माझ्या पंजाकडे पाहिले, मग भावाकडे.

"कुठे नेला होतास याला?"

आर्नी टोपी हातात फिरवत राहिला आणि शेवटी त्याने सांगून टाकले. मला वाटले, ती भडकेल. पण तिचा आवाज अगदी खाली गेला.

"हे शिकणं नाही, आर्नी. आठवतंय? आई शेवटी शेवटी अशीच गप्प झाली होती. आधी कसं सगळ्यावरून भांडायची. खिडकी उघड, खिडकी लाव, कॉफी गार आहे. मग तिने मागणंच सोडलं. तू म्हणालास, आई किती समजूतदार झाली. मीसुद्धा म्हणाले. मला बरंच वाटलं रे तेव्हा, खोटं कशाला बोलू. जरा झोप मिळायला लागली होती." तिने माझा पंजा मांडीवर घेतला. "समजूतदार नव्हती झाली ती. आपण येऊ असं तिला वाटेनासं झालं होतं."

आर्नीने टोपी डोक्यावर ठेवली. तो कॉफी न घेताच गेला.

त्यानंतरचे दिवस मला धुक्यासारखे आठवतात. मी ओरडत नव्हतो. व्हर्ना गेली तरी मान उचलत नव्हतो, आली तरी नाही. बियांचीबाई खूश होऊन केक घेऊन आल्या. "शेवटी वळण लागलं बाई याला! किती गुणी!" व्हर्नाने केक घेतला आणि दार लावून भिंतीला टेकून रडली. बाहेर जाऊन ती खिडकीखाली बर्फात उभी राही आणि कान देऊन ऐके. आतून काहीच ऐकू आले नाही की पाय ओढत परत येई. जे थांबवायला तिने एवढे कष्ट केले, तेच ऐकण्यासाठी ती आता बाहेर गारठत होती.

आर्नी दोन दिवस फिरकला नाही. मग एका सकाळी आपला उंच थर्मास घेऊन आला आणि म्हणाला, "तू जा कामावर. मी बसतो."

"तुझं काम?"

"पहाटेच उरकून आलोय. जा तू."

तो बसला. रोज येऊन बसू लागला. आधी तो माझ्याशी बोलत नसे. मग बडबडू लागला. "मी जरा ट्रकमधून फावडं आणतो." आणि फावडे घेऊन येई. "पायरीवरचा बर्फ ढकलतो आणि येतो." आणि येई. त्याला व्हर्नासारखे जमत नव्हते. बूट घालून बसायचे, पुन्हा काढायचे, यात तो वैतागे. "पासष्टीचा माणूस मी, कुत्र्यासमोर बूट घालतो आणि काढतो! यंत्रावरचे सोबती बघतील तर हसून मरतील." पण तो करी. आईच्या खोलीत जाऊन उगीच खिडकी उघडी, लावी, आणि परत माझ्याजवळ येऊन बसे. त्याच्या पास्टीतला, म्हणजे मांस भरलेल्या मोठ्या करंजीतला, मांसाचा तुकडा मी पहिल्यांदा घेतला तेव्हा त्याने लगेच दुसरा तुकडा मोडला.

बर्फ वितळू लागला तेव्हाची गोष्ट. छपरावरून दिवसभर पाणी ठिबकत होते. दुपारी आर्नी म्हणाला, "ट्रक रस्त्यातून बाजूला घेतो." तो बाहेर गेला. इंजिन सुरू झाले. आवाज घरापासून दूर जाऊ लागला, कोपऱ्याकडे गेला. मी डोके वर केले. हा तर रोज परत येतो. मग हा का जातोय? याने यायला हवे! मी उठलो, दारापाशी गेलो आणि मान वर करून सगळा जोर लावून ओरडलो.

व्हर्ना तेव्हा शाळेतून येत होती. ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. आर्नी ट्रक लावून धावत परत आला.

"आर्नी, ऐक! ऐकतोयस ना?"

"मी काय, अख्खा रस्ता ऐकतोय!"

पलीकडची खिडकी धाडकन वर गेली. "परत सुरू झाला का हा?"

"हो, बियांचीबाई! झाला सुरू!"

"मग हसतेस काय? वेडी झालीस का?"

व्हर्ना हसत होती की रडत होती, ते मला दाराआडून कळले नाही. दार उघडले तेव्हा दोघेही एकदम आत आले आणि दारातच अडकले. मी दोघांच्या अंगावर उड्या मारल्या. व्हर्ना मला त्याबद्दल रागावली नाही. तो धडा आम्ही नंतर घेतला.

मग सगळे पुन्हा पहिल्यापासून. बूट, किल्ल्या, फाटक, कोपरा. या वेळी दोघे जण होते, म्हणून व्हर्नाला मधे मधे झोप मिळू लागली. पुढचा हिवाळा आला. बियांचीबाई कुरकुरत होत्याच, पण एके दिवशी त्यांनी आपला रेडिओ मधल्या भिंतीला लावून ठेवला. "याच्यासाठी नाही हं," त्या म्हणाल्या, "माझ्या कानांसाठी." तो रेडिओ तेव्हापासून व्हर्ना कामावर निघाली की सुरू होई. मी भिंतीला पाठ लावून पडून राही. ओरडणे आधी उशिरा येऊ लागले, मग थोडे येऊ लागले, आणि एके दिवशी आलेच नाही. व्हर्ना परत आली तेव्हा मी शेपटी हलवत दाराशी उभा होतो. तिने आधी माझी शेपटी पाहिली, पाव पुढे केला, मी तो चटकन खाल्ला, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

आता आम्ही सगळेच वयाने थकलो आहोत. व्हर्नाने काम सोडले. आर्नीची पाठ धरते, म्हणून तो यंत्रावर चढत नाही. आम्ही चर्चपर्यंत जातो तेव्हा पट्टा दोन्ही बाजूंनी सैल असतो.

मित्रांनो, कधी तुमच्या घरी माझ्यासारखा वयस्क, वापरलेला कुत्रा आला, तर माझे एक ऐका. पहिल्या दिवशी तो कोपऱ्यात गप्प पडून राहिला, तर लगेच 'किती गुणी' म्हणून पाठ फिरवू नका. जवळ जमिनीवर बसा. त्याने खाल्ले का पाहा, शेपटी कुठे आहे ते पाहा. त्याला विश्वास वाटू लागेल तेव्हा तो कदाचित ओरडेल, दार कुरतडेल, तुमचे बूट पळवील. तुम्ही थकाल. व्हर्नाही थकली, रडली, एकदा मला "मेल्या" म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बूट चढवून दारापर्यंत जाऊन आली. तेवढे तुमच्याने होणार नसेल, तर आम्हाला पिंजऱ्यातच राहू द्या. पण नेलेत, तर परत येत राहा.

आज दुपारी व्हर्ना टपाल आणायला बाहेर गेली. दार लागले. मी एक डोळा उघडला, दाराकडे पाहिले, आणि पुन्हा झोपलो.